ऋतुजाच्या निबंधातल्या लाल ओळी

प्राचार्यांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. पानभर लाल पट्टे होते.

"मॅडम, ये आपकीवाली लडकी है ना? मोहिते?"

"आपल्या कॉलेजची आहे, सर. बी.ए. फायनल. इतिहास."

"कॉपी की है इसने. पूरी रिपोर्ट लाल है."

मी मध्य प्रदेशातल्या धारच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्राचार्य हिंदी बोलतात, मीही त्यांच्याशी हिंदीच बोलते. इथे सोयीसाठी पुढचं मराठीत सांगते.

ती लाल रिपोर्ट म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्ट. विद्यार्थ्याचं लिखाण एका सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं. ते इंटरनेटवरच्या मजकुराशी ताडून बघतं आणि जुळलेल्या ओळी रंगवून दाखवतं. किती टक्के जुळलं तेही सांगतं. आमच्याकडे ठरवलेल्या हद्दीच्या वर गेलं की निबंध बाद. ऋतुजाचा बराच वर गेला होता.

मी म्हटलं, "सर, ह्या मुलीनं तीन महिने माझ्यासमोर बसून काम केलंय."

"मग सॉफ्टवेअर खोटं बोलतंय का?"

ऋतुजा मोहिते लायब्ररीत आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. कॉलेजांमधली निबंध-स्पर्धा होती. विषय, माझ्या गावाचा इतिहास. प्रत्येक कॉलेजातून एकच निबंध पुढे जाणार, आणि निवडलेल्या मुलांना उन्हाळ्यात भोपाळला जुन्या सरकारी कागदपत्रांवर काम शिकायला मिळणार. काउंटरवर येऊन ती म्हणाली, "मॅडम, गूगलवर आमचं बदनावर टाकलं की नुस्ते मंडीचे भाव येतात."

ती बदनावरची, धार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील तिथल्या मंडीत एका अडत दुकानावर मुनीम. घरी मराठी, शाळा हिंदी. सकाळच्या बसनं धारला यायची, दुपारच्या बसनं परत.

"तुला काय शोधायचंय ते आधी सांग," मी म्हटलं. "इतिहास खूप मोठा असतो."

ती म्हणाली, "बाबा म्हणतात, आमच्या मंडीत सदाचं सोयाबीनच आहे. पण आजी म्हणते, तिच्या लग्नात सोयाबीन कुणी बघितलं पण नव्हतं. मग तेव्हा मंडीत काय विकत होते?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न घेऊन फार थोडी मुलं माझ्याकडे आलीत. बहुतेकांना "कुछ मटेरियल" हवं असतं.

मी तिला रेफरन्स सेक्शनमध्ये नेलं. तिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथंच बसून वाचायची. गॅझेटिअर काढून दिलं. गॅझेटिअर म्हणजे एका मुलखाची सरकारी माहिती: शेती, बाजार, रस्ते, जाती, पाऊस, सगळं. आमच्याकडचं इंग्रजी, इंग्रजांच्या काळातलं. पहिल्या दिवशी तिचं अर्धं पानही झालं नाही. डिक्शनरी शेजारी, कपाळाला आठ्या. दुसऱ्या दिवशी परत आली. हळूहळू तिला वाचायची चाल कळली. आधी मागची सूची बघायची, मग पान. एका पुस्तकात काही सापडलं तर दुसऱ्यात तेच आहे का बघायचं. दोन्हींत वेगळं असलं तर खूश व्हायचं, कारण खरं काम तिथंच असतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. पण पुढच्याच आठवड्यात धावत आली. "मॅडम, हे म्हणतात पावसाळ्यात काळी जमीन रिकामी ठेवायचे, गव्हासाठी. आणि हे म्हणतात ज्वारी आणि कापूस. वेगळं आहे!" तिचा आवाज इतका चढला की वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या.

माझं माहेर देवासचं. तिथं मराठी मंडळींनी चालवलेलं एक लहानसं वाचनालय आहे. रविवारी सकाळी माझ्या वडिलांचे मित्र नाना ते उघडून बसतात. बँकेतून रिटायर झालेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, संस्थानी काळातल्या एका अधिकाऱ्याचं पुस्तक आहे, दौऱ्यावर बघितलेल्या बाजारांविषयी. पहिली पानं नाहीत, पण बाकी शाबूत आहे. मी ऋतुजाच्या वडिलांशी फोनवर बोलून घेतलं आणि तिला घेऊन गेले. इंदूरला बस बदलून.

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या मोहित्यांपैकी गं तू?"

"बदनावरवाले, आजोबा."

"वाले काय! बदनावरचे म्हण. घरी मराठी बोलता ना?"

"बोलतो. पण वाचायला नाही जमत एवढं. अक्षरं कळतात, अर्थ अडकतो."

"मग मोठ्यानं वाच. अडकलीस की मी आहे."

ती वाचायला लागली. जुनी मराठी, लांबलचक वाक्यं, क्रियापद कुठं तरी शेवटी. ती अडेल तिथं नाना सांगत गेले. एका ठिकाणी मात्र नाना आणि मी दोघंही अडकलो. बाजारातल्या मालाचं वजन "धडी"मध्ये दिलं होतं.

"धडी?" नाना म्हणाले. "छापायची चूक असेल."

"नाही आजोबा," ऋतुजा म्हणाली. "धडी म्हणजे पाच किलो. तेव्हा पाच शेर असेल. आमच्या मंडीत म्हातारे लोक अजून बोलतात."

नानांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "मग पुढचं तूच समजावून सांग." तिनं सांगितलं. कापूस, अफू, ज्वारी, तीळ. त्या पानातलं बदनावर तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि आमच्या नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मॅडम, एम.ए. करायचंय मला. इंदूरला. ह्याच्यातच."

"घरी सांगितलंस?"

"काकांनी पीथमपूरला बोलून ठेवलंय. औषधांच्या फॅक्टरीत. बाबा म्हणाले, भोपाळला नंबर लागला तर शीक. नाही तर परीक्षा झाली की जॉइन कर."

निबंध तिनं हिंदीत लिहिला. पहिल्या खर्ड्यात गॅझेटिअरमधला मजकूर तिनं आपल्या शब्दांत उतरवला होता. मी म्हटलं, असं नाही. जिथं तू पुस्तकाच्या आधारावर उभी आहेस तिथं मूळ इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी दे, अवतरणचिन्हांत. खाली पुस्तक आणि पान. मग हिंदीत तुझं म्हणणं. वाचणाऱ्याला पडताळता आलं पाहिजे. तिनं सगळा निबंध पुन्हा लिहिला. आमच्या कामातली ही पहिली शिकवण आहे आणि मी ती आजही बरोबरच मानते.

आता प्राचार्यांच्या स्क्रीनवर तीच वाक्यं लाल झाली होती.

"सर, जरा बघा," मी म्हटलं. "लाल झालंय ते सगळं इंग्रजी आहे. गॅझेटिअर नेटवर आहे, म्हणून जुळलं. मुलीनं लिहिलेलं हिंदी तर सगळं पांढरं आहे."

"पण टक्के?"

"ह्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग असतं. अवतरणचिन्हांतला मजकूर वगळा म्हणून. ते टिक केलं नव्हतं."

त्यांनी स्पर्धेच्या समन्वयकांना बोलावलं. हे कॉमर्सचे तरुण प्राध्यापक, स्वभावानं सरळ. ते म्हणाले, "मॅडम, मला जसं दिलं तसं मी चालवलं. सेटिंगचं कुणी सांगितलं नाही."

"आता टिक करून परत काढा ना."

त्यांनी काढली. निबंध जवळजवळ सगळा पांढरा झाला. मला वाटलं, झालं काम.

समन्वयक प्राचार्यांकडे वळले. मग म्हणाले, "सर, पण दुसऱ्याचं नाव तर काल पोर्टलवर अपलोड केलं. शेवटची तारीख कालचीच होती."

ऋतुजाचा बाद झाल्यावर त्यांनी दुसऱ्या क्रमांकाचा निबंध पाठवला होता. मी तो नंतर वाचला. गुळगुळीत हिंदी, कुठंही अडखळणं नाही, कोणत्याही गावाला लागू पडेल असा. त्याची रिपोर्ट स्वच्छ होती. शेवटी चार पुस्तकांची नावं दिली होती. त्यातली दोन मी आमच्या कॅटलॉगमध्ये शोधली, इंदूरच्या लायब्ररीतल्या मैत्रिणीला विचारलं, ऑनलाइन बघितलं. ती पुस्तकं कुठंही नव्हती. मला नाही वाटत ती कधी कुणी लिहिली असतील.

हेही मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी डोळे चोळले. "मॅडम, रिपोर्ट क्लीन आहे. आता मी वर काय लिहू? आमचा बाद केलेला बरोबर होता आणि पाठवलेला चूक? कॉलेजचं नाव जाईल."

"एक मेल तर करू या, सर."

मेल त्यांनी केला, हे खरं सांगायला हवं. मीच मजकूर लिहून दिला, दोन्ही रिपोर्टी जोडल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. पोर्टल बंद झाल्यावर बदल करता येणार नाही, पुढल्या वर्षी भाग घ्यावा. ऋतुजा फायनलला होती. तिला पुढलं वर्ष नव्हतं.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. रेफरन्स सेक्शनमधल्या तिच्या नेहमीच्या टेबलाशी मी सगळं सांगितलं. लाल पट्टे, टिक, पोर्टल. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. टेबलावर बोटानं रेघा ओढत बसली.

मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी आधी लिहिलं होतं तसंच ठेवलं असतं, माझ्या शब्दांत, चिन्हं न देता, पुस्तकाचं नाव पण न देता, तर पास झालं असतं ना?"

"झालं असतं."

"म्हणजे खरं लिहिलं कुठून घेतलं, म्हणून पकडलं."

मी तिला सांगू शकले असते की शिस्त ही शिस्त असते, पुढे उपयोगी पडते. सांगितलं नाही. म्हटलं, "बाबांशी मी बोलते. एम.ए.साठी हा निबंध दाखवता येईल."

बोललेही. ते फार अदबीनं बोलले. "ताई, तुम्ही पोरीसाठी खूप केलंत. पण नंबर नाही लागला ना? मग शब्द झाला होता आमचा." काकांनी ठेवलेली जागा फार दिवस थांबणार नव्हती. त्यांचंही बरोबर होतं. ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त त्रास ह्याचा झाला की रागावायला कुणी माणूसच मिळाला नाही. समन्वयकांनी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. प्राचार्यांनी मेल केला. वडिलांनी आपला शब्द पाळला.

निबंधाची एक प्रत मी लायब्ररीत स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवायची म्हटली. ती म्हणाली, "ठेवा. मला फक्त बोलावू नका कुठल्या कार्यक्रमाला." परीक्षेनंतर ती आली नाही.

मध्ये एकदा धारच्या बस स्टँडजवळ भेटली. पीथमपूरची शिफ्ट-बस लागली होती. आता ती धारला मावशीकडे राहते. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. मला बघून स्वतःच पुढे आली, वाकून नमस्कार केला.

"कशी आहेस? वाचतेस काही?"

"लेबलं वाचते, मॅडम. औषधाच्या खोक्यांवरची. बॅच नंबर, तारीख. एक आकडा चुकला तर सगळा माल थांबवतात."

"त्यात तू पक्की असशील."

"हो. मशीन पण आहे तिथं. पण मशीननं लाल दिवा दाखवला की एक माणूस येऊन खोका उघडून बघतो. मगच ठरवतात."

बसनं हॉर्न दिला. आतून कुणी तरी ओरडलं, "चलो भिया, चलो!" ती गडबडीनं चढली. खिडकीची जागा मिळाली नसावी, नंतर मला दिसली नाही.

पुढच्या वर्षीपासून ग्रंथपालाला स्पर्धेच्या समितीत घेतलं. मी तेवढं मागून घेतलं. नव्या मुलांना मी अजूनही तेच शिकवते: मूळ वाक्य, अवतरणचिन्हं, पुस्तक, पान. फक्त आता एक जास्तीचं सांगते. निबंध जमा करून घरी जाऊ नका. रिपोर्ट निघेपर्यंत तिथं उभे राहा, आणि लाल दिसलं तर म्हणा, उघडून बघा.