गॅरेजातल्या टँकरचे अठरा तास

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चेअरमनांच्या भाषणांवरही नव्हता, त्यामुळे दूध सोसायटीत सचिव म्हणून माझी नोकरी शांतपणे झाली. हे लिहितोय ते एवढ्यासाठीच, की कोणाला याचा अर्थ लागला तर त्याने सांगावा.

आमचं गाव चौसाळ्यापासून बारा किलोमीटर. एका वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा सोसायटीने पाण्याचा टँकर घेतला. कुठल्या वस्तीला पाणी द्यायचं, ती यादी मी केली. डोंगराखालची एक वस्ती ऊसतोडीला गेली होती, म्हणून तिच्यापुढे 'रिकामी' लिहून मोकळा झालो. जाऊन पाहिलं नाही.

मार्चमध्ये चेअरमनांना टँकरवर स्वतःच्या नावाची लोखंडी पाटी हवी झाली. वेल्डरने बॅटरीच्या वायरी न काढताच वेल्डिंग केलं. पाटी झकास बसली. टँकर मात्र चालू होईना... इंजिनाचा कॉम्प्युटर जळाला होता. दुसऱ्या गाडीमागे टोचन करून ती चौसाळ्याला अजीमभाईच्या गॅरेजात नेली. त्याने कॉम्प्युटरचा जळका डबा काढून ठेवला. नवा यायला नऊ दिवस लागले. तोवर माझ्या यादीप्रमाणे भाड्याचा टँकर फिरत होता.

नवव्या दिवशी दुपारी आमचा ड्रायव्हर बाबूराव आणि मी गॅरेजात बसलो होतो. बाबूराव सारखा उठबस करत होता.

"अजीमभाई, व्हईल का आज?"

"अरे, डबा कोरा हाय. 'तू कुठल्या गाडीत आलास' हे आधी त्या डब्याला सांगावं लागतंय. अक्षता पडल्या की लगेच नांदायला लावतो का बे?"

मी हसलो. बाबूराव हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, रागवू नका. ती डोंगराखालची वस्ती रिकामी न्हाई. तरनी मानसं तोडीला गेलीत. म्हातारी हायेत सात-आठ. मी रोज चोरून जायचो. पानी चढावर चढवायला इंजिन चालू ठिवावं लागायचं, दोन तास मोडायचे."

"आणि हे नऊ दिवस?"

"कोनीच न्हाई गेलं. आज गाडी व्हईल, उद्या व्हईल म्हनत ऱ्हायलो..."

तिथून जवळची विहीर किती लांब आहे, ते मला ठाऊक होतं. त्या वयात कोणी तिथवर जाऊन येणं शक्य नव्हतं. आणि ऊन मार्चचं.

अजीमभाईने नवा डबा बसवला, लॅपटॉप जोडला, चॅसी नंबर टाकला, चावी फिरवली. मग पुढे वाकला.

"ह्ये काय बे?"

इंजिन किती तास चाललं, याचा आकडा होता. नव्या डब्यात तो शून्य हवा. अठरा दिसत होता.

जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला असेल, असं मी म्हणालो. अजीमभाईने खोक्याचं सील माझ्यापुढे धरलं. ते त्याने आमच्यासमोरच फोडलं होतं. "जुना असता तर दुसऱ्या गाडीचा नंबर निघाला असता. आत काहीच नव्हतं, साहेब. नुसते तास."

बाबूराव हळूच म्हणाला, "नऊ दिवस. दोन-दोन तास."

टँकर भरून आम्ही थेट वस्तीवर गेलो. वस्तीवर पोचलो तर पिंपं काठोकाठ भरलेली. खालची माती ओली. सावलीत एक म्हातारी डाळ निवडत बसली होती.

"मावशी, सगळी बरी हायेत ना?" बाबूरावने खाली उडी टाकतच विचारलं.

"आमाला काय झालंय?"

"पानी कुठलं ह्ये?"

"कुठलं म्हंजे? टँकर येतोय की रोज."

"कोन आनतंय?"

"मला लांबचं कुठं दिसतंय? मी म्हनलं तूच हाईस. बोलत न्हाईस म्हनून राग आलता. गाडीचाबी आवाज न्हवता. म्हनलं, दुरुस्त केली आसंल."

भाड्याच्या टँकरवाल्याला मी खोदून विचारलं. त्याला ती वस्ती कुठे आहे, हेही माहीत नव्हतं. तालुक्याला चौकशी केली. सरकारी टँकर तिकडे नव्हता. आमची गाडी नऊ दिवस बिनडब्याची, अजीमभाईच्या डोळ्यासमोर उभी. सगळं जुळवून पाहिलं, जुळत नाही. आजही नाही.

यादी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवसापासून बाबूराव उजळ माथ्याने पाणी नेऊ लागला. आठवड्याने मीही सोबत गेलो. म्हातारीने तांब्याभर पाणी घेतलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"तुज्यापरीस त्या दुसऱ्याचं बरं हुतं, बाबा," ती म्हणाली. "गार असायचं."