स्टँडावरची गुलाबी डबी

काल दुपारी निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरच्या एसटीची वाट बघत बसले होते. शेजारची एक मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "एकटीच चाललोय गं, अंबाबाईला." मला उगाचच ठसका लागला...

आता कुणी खरोखरच देवीला जात असेल, तर त्यात ठसका लागण्यासारखं काही नाही. पण आमच्या गल्लीत ऐंशीच्या दशकात या वाक्याचे दोन अर्थ होते, आणि दुसरा कुणीच कुणाला सांगत नसे.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. बेळगावला संस्कृत घेऊन बी.ए. करत होते आणि सुट्टीला निपाणीत आले की शेजारपाजारच्या बायकांचे फॉर्म वाचून द्यायचे. कालिदासाच्या उपमा कळणाऱ्या मुलीला दवाखान्याचा फॉर्मही कळणारच, असा गल्लीचा भाबडा विश्वास होता.

शेजारची पारूवैनी विड्या वळायची. नवरा तंबाखूच्या ट्रकवर, महिना महिना बाहेर. पदरात चार पोरं आणि चौथ्या बाळंतपणात ती जेमतेम वाचलेली... त्यात पुन्हा दिवस गेले. पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

गावातल्या एका दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. तिथल्या माणसानं कन्नड फॉर्म पुढे सरकवला आणि बोट ठेवलं... नवऱ्याची सही. नवरा तेव्हा कुठल्या हायवेवर आहे, हे त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. आणि असता तरी त्यानं सही केली नसती, हे वैनीला चांगलं माहीत होतं.

दिवस तर थांबत नव्हते. तिसरा महिना लागत आला होता.

मग एका सकाळी वैनी सासूला म्हणाली, "आक्का, हिला घिऊन अंबाबाईला जाऊन येतो." थोरल्या आक्कांनी तंबाखूच्या सुपातून मान वर केली नाही. "जावा," एवढंच.

दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक संपतं आणि महाराष्ट्र लागतो. गर्भपाताचा कायदा म्हणाल तर दोन्ही तीरांवर एकच, दिल्लीचा. पण पुलापलीकडे तो बाईला लागू व्हायचा आणि अलीकडे नवऱ्याला, असं काहीतरी तेव्हा माझ्या संस्कृत डोक्यानं ठरवून टाकलं.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात बाकावर बसल्यावर ते ठरवणंही डळमळलं. शेजारची बाई भुदरगडच्या डोंगरातली होती. तिच्याकडे सहीची भानगडच नव्हती, कारण डॉक्टरच नव्हता... अर्धा दिवस चालून तिनं एसटी गाठली होती. पलीकडची खुद्द मिरजेची. "आमच्यात दवाखाने लई हाईत, पर समदी वळखीची," ती म्हणाली. म्हणजे महाराष्ट्रातही आणखी दोन-तीन राज्यं होती, नकाशात न दाखवलेली.

मी येताना वाटभर घोकत आले होते की विचारलं तर सख्खी बहीण म्हणायचं, सही मागितली तर ठोकून द्यायची. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद वैनीपुढे ठेवला. "तुमची सही लागेल. तुमची इच्छा आहे का?"

वैनीनं मागे वळून बघितलं. आपल्यामागे दुसरं कुणी उभं आहे, असंच तिला वाटलं असावं.

"मला इचारत्यात?"

"हो, तुम्हालाच."

"व्हय... माझीच हाय इच्छा."

विडी कारखान्याच्या कार्डापुरती शिकलेली सही तिनं केली. एकेक अक्षर थांबून, जसं काही कुणी मधेच कागद ओढून घेणार होतं.

संध्याकाळी परतीची एसटी सुटायच्या आधी मला आठवलं... आम्ही देवळात गेलोच नव्हतो! वैनीला तर चालवत नव्हतं. मी स्टँडवरच्याच दुकानातून कुंकवाची गुलाबी डबी घेतली आणि स्वतःच्या हुशारीवर कागलपर्यंत खूश राहिले.

घरी आल्यावर वैनीनं आक्कांपुढे डबी धरली. आक्कांनी ती उलटसुलट करून बघितली.

"देवळात पुडी मिळती गं. कागदाची, दोरा गुंडाळल्याली." आक्का हळूच म्हणाल्या. "ही डबी स्टँडावरची."

मी आठही विभक्त्या विसरून दारातल्या चपला नीट लावू लागले.

आक्कांनी चिमूटभर कुंकू वैनीच्या कपाळाला लावलं, मग स्वतःच्या. "म्या बी हीच आणलती," त्या म्हणाल्या. "दोनदा. संगट कोण न्हवतं... तुला ही तरी हुती."

मग सुनेचं सूप त्यांनी आपल्या मांडीवर ओढलं. "जा, पड जा. आज तुझ्या विड्या मी वळतो." त्यांची बोटं तेव्हा वाकडी झाली होती. नीट मिटतही नव्हती.

पुढे दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत. गल्लीतल्या आणखी किती जणी त्या पुलावरून एकेकट्या गेल्या असतील, कोण जाणे. सगळ्यांची सबब एकच आणि प्रत्येकीला वाटायचं, ती आपल्यालाच सुचली...

दहा-बारा वर्षांनी मीही एकदा अशीच अंबाबाईला जाऊन आले. पदवीधर, पगारदार आणि एकटी. सवयीनं गुलाबी डबी घेतली. ती बघून ओळखणाऱ्या थोरल्या आक्का तेव्हा राहिल्या नव्हत्या.

काल एसटी आली तेव्हा त्या मुलीला मी काही विचारलं नाही. खिडकीची जागा मात्र तिला दिली आणि शेजारी बसले, कोल्हापूर येईपर्यंत.