जबडा अडकला आणि मी अध्यक्ष झाले

आधी माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. नंतर वडिलांच्या मेंढरांमागं गेले, त्यामुळं माझ्या वेलांट्याही मेंढरांसारख्याच जिकडं मोकळं दिसेल तिकडं जातात. अक्षरही चांगलं नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण एखाद्या बाईचा जबडा माझ्यासारखा अडकला आणि हा कागद तिच्या हाती लागला, तर तिनं चुका सोडून द्याव्यात आणि कामाचं तेवढं घ्यावं.

सांगलीच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं टेकवली आणि तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्हाला टीएमजे डिसऑर्डर आहे."

एवढं लांब नाव ऐकून मी शेजारी बघितलं. सोबत माझी नणंद मंगल होती. तिनं सरळ विचारलं, "कॅन्सर हाय का?"

"नाही."

"मग काय बी असू द्या," मंगल म्हणाली आणि बाकड्यावर निवांत मागं टेकली.

टीएमजे म्हणजे कानापुढचा जबड्याचा सांधा. डॉक्टर बाईंनी दाराच्या बिजागरीचं उदाहरण दिलं. त्या बिजागरीत एक बारीक चकती असते. ती जागेवरून सरकली की दार अडकतं. कधी आपोआप मोकळं होतं, कधी होत नाही. कधी अडकेल ते सांगता येत नाही.

माझं तसंच चाललं होतं. आधी भाकरी चावताना कानापाशी कट्ट वाजायचं. मी लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी फुटाणे खाताना तोंड अर्ध्यात थांबलं. मी जबडा धरून खाली बसले तशी सासूबाईंना वाटलं, सुनेला फिट आली आणि दातखीळ बसली. त्यांनी कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. शेजारची चप्पल घेऊन आली. एकीनं चमचा आणला. मी पूर्ण शुद्धीत होते, कांद्यानं डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "बगा, शुद्धीवर याय लागली!" थोड्या वेळानं चकती आपोआप सरकली. नाव मात्र कांद्याचं झालं.

साताऱ्याला एका दवाखान्यात गेले. तिथं किडलेली दाढ काढली. दाढ गेली, जबडा अडकायचा तो अडकतच राहिला.

आता बचत गटाचं सांगते. आमच्याकडं पहिल्या नकाराला कुणी विचारत नाही. चहा घेता का म्हटलं की आधी नको म्हणायचं, ही रीत आहे. खरंच नको असेल तर दोन-तीनदा तोंडानं ठासून सांगावं लागतं. नुसती मान हलवली तर कपात चहा ओततातच.

गटाची जुनी अध्यक्ष लेकाकडं लोणंदला राहायला गेली. नवीन निवडायला आम्ही बसलो. गटाची सचिव शालनकाकू. त्यांनी माझं नाव घेतलं. मी घाबरून बोलायला तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच जबडा अडकला. मी जोरजोरात मान हलवली. हातही हलवले. पदर तोंडावर धरला.

"लाजती बगा," कुणीतरी म्हणालं.

"सगळ्याच आदी न्हाई म्हणत्यात," म्हणत शालनकाकूंनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. जबडा सुटला तेव्हा पेढा माझ्या हातात होता, आणि तो चावायची माझी हिंमत नव्हती.

आमचे हे दोन दिवस हसत होते. "अख्ख्या गावात न बोलणारी एकच बाई, आन तिलाच अध्यक्ष केलं!"

पण मला झोप लागेना. गटाला मिरची कांडायचं यंत्र घ्यायचं होतं. मिरचीच्या हंगामाआधी बँकेत जायचं होतं. साहेबांपुढं अध्यक्षानंच बोलायचं असतं. तिथं जबडा अडकला तर माझ्यापायी सगळ्याजणींचं यंत्र जाणार. म्हणून मी सांगलीला मंगलकडं गेले. तिचा नवरा हळदीच्या गोदामात कामाला आहे. घर लहान आहे, पण माझ्यासाठी भात मऊ शिजायचा.

पहिल्या सकाळीच मंगल म्हणाली, "वैनी, झोपंत काय जातं वडतीस का काय? कराकरा आवाज येतोय दातांचा."

डॉक्टर बाईंना तिनंच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हेच मूळ आहे. याला ब्रक्सिझम म्हणतात." म्हणजे झोपेत दात खाणं. काळजी करणाऱ्या माणसाला ही सवय लागू शकते आणि तिनं सांध्याला मार बसतो. त्यांनी स्प्लिंट करून दिलं. ते दातांवर रात्री घालायचं प्लास्टिकचं पारदर्शक टोपण. मंगलच्या धाकट्या लेकीनं ते बघून आईला विचारलं, "मामीचे दात रात्री थंडी वाजते म्हणून टोपी घालतात का?"

सांगितलेली पथ्यं लिहिते. ऊस, कणीस, फुटाणे, चिक्की बंद. भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खायची. गरम पाण्यात पिळलेलं फडकं कानापाशी धरायचं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावायची, म्हणजे तोंड जास्त वासत नाही. अडकलं तर ओढायचं नाही. जिभेचं टोक टाळूला लावायचं, जबडा सैल सोडून हळूच डावी-उजवीकडं हलवायचा. आणि घाबरायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. हे सगळं मला सांगितलेलं आहे, बाई. तू आधी डॉक्टरांना दाखव.

एवढं करूनही पुरतं सुटेना. मग एमआरआय काढायला लावला आणि आर्थ्रोसेंटेसिस करू म्हणाल्या. म्हणजे सांध्यात बारीक सुया घालून आतून सलाइननं धुऊन काढायचं. खर्चासाठी गटातून कर्ज घेण्यावाचून मार्ग नव्हता.

बैठकीत मी दातांवर दात ठेवूनच कसंबसं मागितलं. शालनकाकू म्हणाल्या, "अगं पोरी, तोंड उघडत न्हाई म्हणून कर्ज पायजे, आन मागायला तोंड उघडत न्हाई. कसं व्हायचं?"

तेव्हा मी सांगून टाकलं की मला अध्यक्ष व्हायचंच नव्हतं, त्या दिवशी जबडा अडकला होता. सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. मग अशा हसल्या की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

"आता लय उशीर झाला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या सहीचा नमुना बँकेत गेलाय. जा, जबडा धुऊन ये."

कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं.

सुया टोचताना भीती वाटली, पण जागा बधिर केली होती. दुखलं त्यापेक्षा पाण्याचा खळखळ आवाज कानात जास्त आला. नंतर डॉक्टर बाईंनी माझीच बोटं माझ्या तोंडात आडवी घालायला लावली. दोन गेली. व्यायाम करत राहिले, तेव्हा पुढच्या खेपेला तीन गेली. तीन म्हणजे बरं तोंड. त्या म्हणाल्या, "पुन्हा कधी अडकू शकतं. पण आता तुम्हाला सोडवता येईल."

अडकलंच, आणि तेही बँकेत. साहेबांनी विचारलं, "यंत्र चालवणार कोण? हप्ते कसे फेडणार?" मी तोंड उघडलं आणि कट्ट झालं. शालनकाकूंनी माझा पदर मागून घट्ट धरला. मी खाली बघितलं, जीभ टाळूला लावली, जबडा सैल सोडला. साहेबांना वाटलं, मनात हिशोब करतेय. ते थांबले. चकती सरकली. मग मी पाळ्या कशा लावल्यात, कोणत्या वाड्या-वस्त्यांवरनं मिरची येणार, सगळं सांगितलं. इतकं सलग मी जन्मात बोलले नव्हते. यंत्र हंगामाच्या आत आलं.

डॉक्टर बाईंचे, मंगलचे आणि गटातल्या सगळ्यांचे उपकार आहेत. जबडा अजून अधूनमधून अडकतो. मी त्याला थोडा वेळ देते. तो सुटतो.

आमच्या गटात दर महिन्याला अध्यक्षानं सगळ्यांची बाकी मोठ्यानं वाचायची असते. माझं नावही मलाच वाचावं लागायचं. सुरुवातीला ते मी भरकन उरकायची. या महिन्यात कांडपाच्या पैशातून मी माझ्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. माझ्या नावाशी आले तेव्हा थांबले, सगळ्यांकडं बघितलं आणि तोंड भरून वाचलं, "बाकी काही नाही."

मग खालचं नाव घेतलं.