विषमुक्त कोहळ्याची चोरी

"ज्या कोणी माझ्या टिनावरचा कोहळा चोरला आहे, त्याने लक्षात ठेवावं, त्याने भाजी नाही, एका चळवळीचा गळा कापला आहे!!!"

हा आरोप माझा. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच टाकलेला. तीन उद्गारचिन्हांसकट. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच लागला. आणि पुढे जे घडलं ते सांगताना अजूनही माझे कान गरम होतात. पण तुम्ही आपलीच माणसं, चहाही आलाय, तर ऐकाच.

आम्ही राहतो कुडव्यात. घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे, तिथे सगळी कॉलनी कचरा टाकते. माझं स्वप्न काय, तर त्या प्लॉटवर सगळ्यांनी मिळून विषमुक्त परसबाग करायची! राज्यशास्त्रात बी.ए. केलंय मी, स्वप्नं मोठीच पडतात. प्लॉटवाले काका म्हणाले, "कॉलनीतल्या बाया येत असतील तर करा." आणि बाया म्हणाल्या, "पहिले तुह्या घरी काय पिकते ते दाखव."

त्यातही मेश्राम आजींचा शब्द शेवटचा. त्या हो म्हणाल्या की सगळ्या हो म्हणतात. त्यांनी मला एकच विचारलं होतं, "पोरी, तू त्याले टाकते काय, ते सांग. मंग मी बी लावीन."

दाखवायला माझ्याकडे काय नव्हतं? दसरा झाला की आमचं अंगण बघावं! सकाळी हवेत गारवा, कुंपणाला झेंडू, वालाला जांभळी फुलं, वाफ्यात बोटभर मेथी. चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलं की उठावंसंच वाटत नाही. आणि या सगळ्यावर, बाथरूमच्या टिनाच्या छपरावर, राजासारखा लोळत पडलेला पांढराशुभ्र कोहळा! उशीएवढा! राख फासलेल्या साधूसारखा!

तो नारळाएवढा होता तेव्हाच मी हेअरपिनने त्याच्या सालीवर 'विषमुक्त' असं कोरलं होतं. कोहळा फुगत गेला तशी अक्षरंही फुगली. पार रस्त्यावरून वाचता यायची. पेरूच्या झाडाखाली मी स्वतः बी लावलं होतं, आणि पावसाळाभर त्या बुडाशी बादली-बादली जीवामृत ओतलं होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. वास असा की बाबांनी तिकडची खिडकी उघडणंच सोडून दिलं.

वेलाकडे बोट दाखवून आई एकदा म्हणाली होती, "पिंके, तो येल ना..."

"आई, नंतर!"

दुसऱ्यांदाही म्हणाली, "अवं, ऐक तं, तो येल..."

"आई, मी फोटो काढते आहे ना!"

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. लक्षात ठेवा हे.

तर रविवारी सकाळी सगळ्या बाया आमच्या अंगणात जमणार, त्यांच्यासमोर मी कोहळा उतरवणार, कापणार, वाटणार आणि चळवळ सुरू होणार, असा बेत. त्याआधी दोन दिवस नवेगाव बांधला परसबागेचं शिबिर होतं, तिथे गेले. शनिवारी दुपारी परत आले आणि पाहते तर काय? टिन रिकामं! नुसता कापलेला देठ!

"बाबा! कोहळा कुठाय?"

"मले काय इचारते?" बाबांनी पेपर खाली केला नाही. "मी तुह्या बागेकडे पाहातच नाई. पाह्यलं का तू भाषन देते."

आई सकाळीच चिचगडला मामाकडे गेलेली, धान कापणीला. तिथे फोन लागेल तर शपथ. संध्याकाळपर्यंत थांबून पुन्हा लावून बघायचा, हे शहाण्या माणसाचं काम. मी दोन मिनिटांत ग्रुपवर आरोप टाकून मोकळी!

आणि मग ग्रुप जो पेटला!

एकीची देवळाबाहेरून चप्पल गेली होती, ती कोहळाचोरानेच नेली. एकाची बादली गेली होती, तीही त्यानेच. कोपऱ्यावरच्या शर्मा भैयांनी लिहिलं, "मैंने खुद देखा, स्कूटी पे कोई सफेद गोल चीज ले जा रहा था!" ती सफेद गोल चीज नागपुरे सरांचं हेल्मेट निघालं. सर भयंकर चिडले आणि ग्रुप सोडून गेले. जेवणाच्या वेळेपर्यंत चोराची टोळी झाली होती, टोळी बालाघाटकडून येते हेही ठरलं होतं, आणि कॅमेरे लावायला वर्गणी काढू असा ठराव एकमताने पास झाला होता.

मी काय केलं? शांत केलं? छे! मी लिहिलं, "उद्या सकाळी सगळ्यांसमोर दूध का दूध, पानी का पानी!"

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नाही. परसबागेसाठी पाच जणी आल्या असत्या, चोरीसाठी अख्खी कॉलनी आली. शर्मा भैया तर खुर्ची घेऊन आले. मी ओट्यावर चढले आणि सुरू झाले.

"मैत्रिणींनो, चोर बाहेरचा नाही! चोर आपल्यातलाच आहे! ज्याला दुसऱ्याच्या घामाची किंमत नाही, ज्याला फुकटचं खायची सवय लागली आहे..."

खर्र. खर्र. खर्र.

भिंतीपलीकडून आवाज. किसणीचा.

मी थांबले. सगळे थांबले. पलीकडे कटरे काकू राहतात. बिचाऱ्या साध्या. फोन बटणांचा, त्यामुळे ग्रुपवरही नाहीत. मी बादली उपडी घातली, वर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

काकू अंगणात पाटावर बसलेल्या. पुढ्यात परात. शेजारी उडदाच्या वाटलेल्या डाळीचं पातेलं. आणि मांडीवर अर्धा कोहळा. त्यावर कोरलेलं, 'मुक्त'. उरलेला अर्धा परातीत पडलेला. त्यावर, 'विष'.

"काकू!!! हा माझा कोहळा आहे!"

काकू दचकल्याही नाहीत. "आली का तू? बरं झालं. ये, वड्या घालू लाग. अन् मले सांग, याच्यावर 'विष' कोन लिवलं वो? माही सासू खायले नाई म्हनून राहिली."

"तुम्ही आमच्या टिनावरून काढलात?"

"मी काऊन काढीन? या वयात मी टिनावर चढू? तुह्या मायनं शिडी लावून काढून देल्ला, शुक्रवारी."

"आईनं? माझा कोहळा?"

"तुहा कायचा?" काकूंनी किसणी थांबवली. "येल माहा हाये."

माझ्या मागची सगळी कॉलनी भिंतीकडे सरकली. मेश्राम आजी म्हणाल्या, "भांडता कायले? येल पाहून घ्या ना. कोहळा गेला, येल तं जागेवर हाये."

मग निघाली मिरवणूक! टिनावरून वेल पेरूवर, पेरूवरून भिंतीवर, भिंतीवरून पलीकडे. तिथून पुढे बघायला सगळी कॉलनी फाटकातून काकूंच्या अंगणात. शर्मा भैया खुर्चीसकट. वेल काकूंच्या तुळशीमागून गेला, कपडे धुवायच्या दगडाला वळसा घालून गेला आणि थेट नालीत शिरला. बुड मनगटाएवढं जाड. आणि त्या बुडाभोवती, देवा शप्पथ सांगते, साबणाचा पांढरा फेस बुडबुडत होता!

विषमुक्त!

"पण मग... मी पेरूखाली जीवामृत कशाला घालत होते?"

सगळे परत आमच्या अंगणात. पेरूखालच्या वेलाचं पान मेश्राम आजींनी तोडलं, उलटंपालटं केलं. "हा गुळवेल व्हय. तुहं बी पान्यात सडलं असंन." मग जरा निरखून म्हणाल्या, "पर एवढा धष्टपुष्ट गुळवेल मी जिंदगीत नाई पाह्यला."

पानांचा आकार बघायचा असतो, हे राज्यशास्त्रात शिकवत नाहीत हो!

आणि तेवढ्यात मला आठवलं. भाद्रपदात याच वेलाचे दोन कोवळे कोहळे मी स्वतः कटरे काकूंना नेऊन दिले होते. त्यांचेच, त्यांना! वर अर्धा तास समजावलं होतं, कोहळा कसा पिकवायचा ते.

"काकू, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलू देशीन तवा ना!" काकू हसल्या. "अन् तू उतरवून आनून देऊन राहिली होती. मले तेवढीच मेहनत कमी."

म्हणजे दुसऱ्याच्या घामाचं फुकट खाणारी, कॉलनीतलीच, आपल्यातलीच... ती कोण, हे आता सगळ्यांना कळलं होतं. शर्मा भैया माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. बाबांनी एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच ती खिडकी उघडली होती, फक्त हे बघायला.

डोळ्यासमोर तो समोरचा प्लॉट आला. तिथला कचरा आता जन्मभर तिथेच राहणार. पण चळवळ अशी सोडतात का? मी ओढणी नीट केली आणि शक्य तितक्या ताठ मानेने विचारलं, "तर... आजी, समोरच्या प्लॉटवर बागेला येणार ना तुम्ही?"

मेश्राम आजींनी माझ्याकडे पाहिलं. पेरूखालच्या माझ्या जीवामृताच्या बादलीकडे पाहिलं. मग भिंतीपलीकडे, अजून फेसाळत असलेल्या नालीकडे पाहिलं.

"यीन ना पोरी, काऊन नाई यीन? सगळ्या येऊ आमी. पर ते तुहं शेन-गोमूत्र राहू दे." आणि त्या काकूंकडे वळल्या. "कटरेबाई, तुमी साबन कोनता वापरता, तेवढं सांगा!"