दूध संघाची पळापळ आणि रफिकभाईंचं माप

सहकारी दूध संघात वीस वर्षं काढली की माणसाकडं किस्से आपोआप साठत जातात. चौसाळ्याच्या अलीकडं आमचा संघ, तिथं मी दुधाचं फॅट तपासायचो. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, सकाळचं काम तासाभरात उरकायला लागलं. त्या रिकाम्या वेळात आम्ही पळायला लागलो. म्हणून हे सगळे किस्से बुटांचे.

पहिले पळाले आमचे व्यवस्थापक देशमुख साहेब. त्यांना शुगर निघाली होती. त्यांनी बाजारातून आठ नंबरचे बूट आणले, कारण चप्पल आठ नंबरची. बूट पुढून घट्ट होते, पण वापरून सैल होतील असं दुकानदार म्हणाला होता. आठ दिवसांत साहेबांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. मीटिंगमध्ये चेअरमननी लंगडण्याचं कारण विचारलं.

"वापरून सैल व्हायलेत," साहेब म्हणाले.

*

ते बघून दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर बाबू शहाणा झाला. पाय आठचा, त्यानं दहाचे घेतले आणि पुढं कापूस कोंबला. तिसऱ्या दिवशी पळता पळता उजवा बूट निघून मागं राहिला, आणि हा गडी तसाच पुढं. मी हाका मारून थांबवलं.

"तरीच म्हणलं, आज लई हलकं वाटायलंय!"

*

शेवटी आम्ही बीडला रफिकभाईंच्या बुटांच्या दुकानात गेलो. सकाळीच गेलो, तर त्यांनी परत पाठवलं. दिवसभर चालून पाय फुगतो, खरं माप तेव्हाच कळतं, म्हणाले. आलेलं गिऱ्हाईक माघारी लावणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला पळायचे मोजे घालायला लावले आणि कागदावर उभं करून दोन्ही पाय आखले. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. पंचेचाळीस वर्षं मला पत्ता नव्हता! त्यांनी मोठ्या पायाचं माप धरलं, बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा ठेवली, टाच आत घसरत नाही ना ते बघितलं, आणि मला रस्त्यावर पळवून आणलं. नेमके आमचे सरपंच समोरून आले. पळायचं कारण विचारलं. बूट बघतोय, असं मी सांगितलं.

"बूट हायेत की पायात," ते म्हणाले. "मागं कोण लागलंय ते सांगा."

*

कांताबाई संघात कॅन धुवायच्या. दिवसभर ओल्या फरशीवर सपाट चपलेत उभं राहून त्यांची टाच इतकी दुखायची, की नोकरी सोडते म्हणाल्या होत्या. साहेब त्यांना रफिकभाईंकडं घेऊन गेले, मीही होतो. बायकांचे सगळे बूट त्यांच्या रुंद पायाला अरुंद पडले. रफिकभाईंनी पुरुषांचा रुंद जोड काढला. बाई संकोचल्या, लोक काय म्हणतील म्हणाल्या.

"बाई, पायाला विचारा," रफिकभाई म्हणाले. "लोकायला नका विचारू."

बाईंनी तो जोड घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग पदर डोळ्याला लावून बसल्या. आम्हाला वाटलं, अजून दुखतंय. दुखत नव्हतं, म्हणून बसल्या होत्या.

नोकरी सोडायचं पुन्हा निघालं नाही. आधी त्या आमच्यासोबत चालल्या, मग पळायला लागल्या. साहेबांची शुगर, माझे दुखरे गुडघे, बाईंची टाच, सगळं ताळ्यावर आलं. रफिकभाईंचे उपकार कुठून मोजायचे तेच कळत नाही.

*

त्याच दुष्काळातल्या उन्हाळ्यात एकदा मी आणि साहेब बाईंच्या गावी दूध संकलनाच्या सेंटरवर गेलतो. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. सगळी वस्ती धावली. सगळ्यांच्या पुढं कांताबाई, पायात बूट, हातात घागर. त्यांनी घागर पहिल्या नंबरला ठेवली आणि बाजूला झाल्या. मागून काठी टेकत एक म्हातारी आली, ती बाईंची शेजारीण. तिची ती घागर. भरून झाल्यावर बाईंनी ती तिच्या दारात नेऊन ठेवली, मग स्वतःची घागर आणून रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, आधी आपली तरी ठेवायची.

"साहेब," बाई म्हणाल्या, "बूट मला हायेत. तिला न्हाईत."