आईचं हिमोग्लोबिन

मागच्या डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी माझी आई हिंगणघाटजवळच्या आमच्या वावरात कापूस वेचता वेचता खाली बसली. तिला धाप लागली होती. बाबांनी तिला घरी आणलं आणि करोनाच्या वर्षी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा अठ्ठ्याण्णव आला. बाबा म्हणाले, ऑक्सिजन भरपूर आहे, थकवा असेल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेचणीला गेली आणि पुन्हा बसली.

दवाखान्यात हिमोग्लोबिन साडेसात निघालं. गर्भाशयात गाठ होती. कित्येक महिने अंगावरून जास्त जात होतं. आईने ते कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी अठ्ठ्याण्णवचं विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, ऑक्सिजन रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसून अंगभर जातो. सरकी काढायला जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या समजा. हे यंत्र गाड्या भरलेल्या आहेत का तेवढंच पाहतं, गाड्या किती ते मोजत नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं, पण त्यासाठी हिमोग्लोबिन दहा हवं होतं. रक्तस्राव कमी करायचं औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने तपासलं, तर सात पूर्णांक सात. गोळी कशाबरोबर घेता, असं नर्सबाईंनी विचारलं.

"चहासंगं," आई म्हणाली. "पहाटे दुसरं काय राह्यते घरात?"

चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे आम्हाला तिथे कळलं.

आमच्याकडे वेचणीच्या बायांना वावरात चहा मालकिणीने पाजायचा आणि त्यांच्यासोबत बसून स्वतःही घ्यायचा. आईने केटली नेणं चालू ठेवलं, स्वतःचा कप बंद केला. तिसऱ्या दिवशी एका बाईने हटकलं.

"काऊन वो काकू, चहा सोडला, गुरू केला का?"

"नाई वं. मले ऑपरेशन करून घ्याचं हाये. दहा झाल्याबिगर चहा नाई."

गोळी ती उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर घेऊ लागली. पोटात मळमळायचं. घरच्यांनी दोन दिवस थांबायला सांगितलं, ती थांबली नाही. रिकामी पाकिटं मी तपासली; एकही दिवस चुकलेला नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी आठ पूर्णांक नऊ आलं, मार्चच्या शेवटी दहा पूर्णांक दोन.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता तिला आत नेलं. पावणेबाराला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, गर्भाशयाची पिशवी काढली, रक्त चढवावं लागलं नाही.