दादाच्या गाडीचा ठोका

दादा गेल्यावर त्याची जुनी डिझेल गाडी नगरा वस्तीतल्या घरासमोर तशीच उभी होती. तो बबीना रोडने पायी चालला असताना मागून ट्रक आला. ट्रकवाला सारखा हॉर्न देत होता, असं बघणारे सगळे सांगत. "भाईसाहब हटे ही नहीं," टपरीवाला मला म्हणाला. दादा मुद्दामच हटला नाही, अशी कुजबुजही झाली. वहिनींच्या कानावर ती गेली होती.

गाडी विकायची ठरली, म्हणून एका सकाळी मी ती सुरू केली. इंजिन असं ठोकायला लागलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. टायमिंगचा पट्टा सरकला असेल, असं वाटून कव्हर काढलं. खुणा बरोबर जुळत होत्या. मग डिझेलचा पंप पाहिला. पंपावरची रेघ इंजिनावरच्या रेघेसमोर हवी. ती बरीच सरकलेली होती. डिझेल वेळेआधीच फवारलं जात होतं. नटांवर पान्याचे ताजे चरे दिसत होते, आणि या गाडीला दादाशिवाय कुणी हात लावत नसे.

दादा पंपाचं टायमिंग कानाने लावायचा. ठोका ऐकू येईपर्यंत पंप फिरवायचा, मग आवाज जाईपर्यंत मागे घ्यायचा. मग एवढा ठोका त्याने राहू कसा दिला?

पाना हातात तसाच धरून मी आत गेलो.

"वहिनी, दादाला कमी ऐकू येत होतं का?"

भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "टीव्ही फार मोठा लावायचे. मी बोलले की म्हणायचे, तूच पुटपुटतेस." मग त्यांचा हात थांबला. "म्हणजे भाऊजी, तो हॉर्न..."

"ऐकूच आला नसेल त्याला."

त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, माझंच काही चुकलं." आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

दुपारी मी पंप खुणेवर आणून नट आवळले. पुढच्याच आठवड्यात समथरच्या एका व्यापाऱ्याने गाडी नेली.

पण मला अजून तो दिसतो. बॉनेटखाली वाकलेला, कान इंजिनाशी नेलेला. इंजिन जिवाच्या आकांताने ठोकतंय, आणि दादा, काहीच ऐकू येत नाही म्हणून, पंप आणखी थोडा पुढे सरकवतोय.